अस्सल खाण्याचे शिकारी

परगावी गेल्यावर अस्सल खायचं असेल तर त्याचे नियम ठरलेले आहेत. पाटी असलेल्या दुकानात शिरायचं नाही. मेन्यूकार्ड दिसलं की पाठ फिरवायची. काउंटर स्टीलचं असेल तर संशय घ्यायचा आणि काचेचं कपाट असेल तर चव गेलीच असं समजायचं. गल्ली जितकी चिंचोळी, गटार जितकं जवळ आणि कढई जितकी काळी, तितका पदार्थ खरा. विकणारा म्हातारा हवा, त्याचा आजाही त्याच ओट्यावर बसत असायला हवा. भाव इतका कमी हवा की पैसे देताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. जास्त मात्र द्यायचे नाहीत, माणसं बिघडतात. आणि सगळ्यात मोठा नियम असा की तिथे आपल्यासारखं दुसरं कोणी नको. बाहेरचा माणूस दिसला की जागा बाटली.

हे धर्मशास्त्र मेक्सिको सिटीतल्या टाकोच्या गाड्यांना लागू होतं, बँकॉकला होतं, जुन्या दिल्लीत तर त्याची पीठंच आहेत. आता ते आमच्या बऱ्हाणपुरात पोचलंय. शनिवार-रविवारी इंदूर-इच्छापूर महामार्गाने गाड्या येतात, भुसावळकडून रेल्वेने आलेली मंडळी लालबागच्या स्टेशनावर उतरतात. सकाळी कुंडी भंडारा, दुपारी शाही किल्ला आणि संध्याकाळी शोधमोहीम. जामा मशिदीच्या बाजूला गांधी चौकात भरउजेडात थाळ्यांवर मावा जिलेबी रचलेली दिसत असते. पण ती नको असते. ‘‘ही नाही हो, ती जुनी, ओरिजिनलवाली कुठे मिळते?’’ विचारताना आवाज असा खाली येतो की वाटावं, चोरीच्या मालाची चौकशी चाललीय.

खादाड माणसाबद्दल मला प्रेमच आहे. तो समोर येईल ते खातो, आवडलं तर पुन्हा मागतो, नाही आवडलं तर तोंडावर सांगतो. हे लोक खादाड नव्हेत. यांना जिलेबी खायची नसते, गाठायची असते. वाघ दिसला असं सांगण्यासाठी जंगलात जाणाऱ्यांतले हे. आणि त्यांच्या या छंदाला आता ‘खाद्यसंस्कृतीची जाण’ म्हणायची पद्धत पडली आहे, म्हणून हा प्रपंच.

त्यांचं पहिलं आणि लाडकं म्हणणं घेऊ: जिथे प्रवासी पोचत नाहीत तिथेच खरं खाणं मिळतं. हे वाक्य कुठेही म्हणा, पण बऱ्हाणपुरात म्हणू नका. हे गाव उभंच प्रवाशांवर राहिलं. सुरत बंदरातून आग्र्याकडे जाणारा रस्ता इथून जात होता. दक्षिणेत उतरणारी मोगली सैन्यं इथे तळ ठोकत होती. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून इथे आला. त्याला सराईत उतरवलं, तर त्या खोल्या भट्टीएवढ्या आणि भट्टीसारख्याच आहेत अशी कुरकुर त्याने रोजनिशीत करून ठेवली आहे. म्हणजे ‘ऑथेंटिक स्टे’ची तक्रारसुद्धा इथे चारशे वर्षांची. पुढे ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या इथून गेला. इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, कैरोपासून रशिया आणि पोलंडपर्यंत जातं असं त्याने लिहिलं. कापड गाठोड्यात बसून आपोआप पोलंडला जात नाही. ते घेऊन जाणारे तांडे, हमाल, दलाल, उंटवाले, पहारेकरी इथे रात्रभर मुक्काम करत. त्यांच्यातल्या किती जणांनी स्वतःची चूल मांडली असेल? बाकीचे बाजारात जेवले.

शेकडो वर्षं हेच चाललंय. १७०८ साली बहादूरशहाच्या लष्कराबरोबर गुरू गोविंदसिंग इथे राहून गेले, म्हणून आजही पंजाबातून यात्रेकरू बडी संगत गुरुद्वाऱ्यात येतात. दरगाह-ए-हकीमीला जगभरातले दाऊदी बोहरा येतात. लग्नाच्या खरेदीला रावेर-मुक्ताईनगरची माणसं येतात. या गावात उघड्यावर रांधून विकलं जाणारं सगळं परक्या माणसाच्या भुकेसाठीच जन्माला आलं. इथल्या माणसाला भूक लागली तर त्याचं घर होतं. बऱ्हाणपूरच्या रस्त्यावरचं असं जुनं खाणं दाखवा की जे पाहुण्यासाठी केलेलं नाही! आणि तुम्ही काय शोधताय? प्रवासी नसलेला बाजार. समुद्रावर जाऊन पाणी नसलेली जागा शोधण्याचा हा प्रकार.

या संप्रदायाची काशी मेक्सिको. टाकोच्या गाड्यांच्या गोष्टी ऐकूनच ही मंडळी दीक्षा घेतात. तर त्या काशीत जरा डोकावू. उभ्या सळईवर मांसाचे थर लावून, फिरवत भाजून, सुरीने कापून दिलेला ‘टाको अल पास्तोर’ हा मेक्सिको सिटीच्या रस्त्यावरचा राजा. ती उभी सळई आली कुठून? विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास लेबनॉनकडून मेक्सिकोत गेलेल्या लोकांनी आपला शावर्मा तिथे नेला. पुएब्ला शहरात त्याचे ‘अरबी टाको’ झाले, पुढे मेंढीच्या जागी डुक्कर आलं, स्थानिक मिरच्यांचं वाटण आलं, वर अननसाची फोड आली. डुक्कर तर त्याच्या आधी स्पॅनिश लोकांनी नेलेलं. यातलं नक्की कुठल्या वर्षीचं अस्सल धरायचं?

बरं, हा निदान गरीब स्थलांतरितांचा पदार्थ, त्याला माफी मिळते. पण नाचोज? ते तर या मंडळींच्या लेखी भेसळीचं दुसरं नाव, सिनेमागृहातलं पिवळं पाप. हे पाप मेक्सिकोतच झालं. अमेरिकेच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास या गावात, १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला, इग्नासिओ आनाया नावाच्या मेक्सिकन माणसाने ते केलं. नदीपलीकडच्या अमेरिकन बायका अवेळी हॉटेलात आल्या, स्वयंपाकी जागेवर नव्हता, हाताशी होतं त्यातून त्याने काहीतरी करून वाढलं. इग्नासिओला लाडाने नाचो म्हणतात, तेच नाव पदार्थाला चिकटलं. मेक्सिकन माणसाने, मेक्सिकोत, मेक्सिकन मक्याच्या टोर्टियावर, पाहुण्यांसाठी केलेला पदार्थ. ते गाव आज त्याच्या नावाने उत्सव भरवतं. सीझर सॅलडही असंच. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा घसा ओला करायला सीमा ओलांडून येणाऱ्यांसाठी तिहुआना शहरात एका इटालियन हॉटेलवाल्याने १९२४ च्या सुमारास केलेलं. सीमेवरच्या गावांत हे असंच घडतं. आमचंही गाव सीमेवरचंच आहे. १९५६ साली भाषावार राज्यांची रेघ ओढली गेली आणि आम्ही तिच्या उत्तरेला, मध्य प्रदेशात उरलो. घरात मराठी, दुकानात हिंदी, शेजारी उर्दू आणि शेतात गुजरी, निमाडी. अशा गावातल्या पदार्थाकडे शुद्ध वंशाचा दाखला मागायचा म्हणजे जरा जास्तच झालं.

पण दाखला मागितला जातो, आणि मागितला की तो तयार करून मिळतो. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त खोटेपणा इथेच भरलाय.

पाहुण्याला पदार्थ जुना हवा असतो. किती जुना? तर मोगलकालीन. बऱ्हाणपुरात काहीही तोंडात घाला, ते मोगलांनी आणलेलं असतं. जिलेबी शाहजहानच्या मुदपाकखान्यातली, रव्याचा दराबा शाही, मांडे फौजेसाठी शोधून काढलेले आणि बेगम मुमताज महल या सगळ्याची चाहती. दुकानदार बिचारे सांगतात, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा कशाने फुलतो हे त्यांना कळतं. कॅमेऱ्यासमोर ‘‘माझ्या वडिलांनी एका हलवायाकडे काम करून हे शिकून घेतलं’’ असं खरं सांगितलं, तर कोण ऐकतो?

जिलेबीचं पाहा. ‘जुलाबिया’ हा तळून पाकात घातलेला गोड पदार्थ दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाकग्रंथात आहे. आपल्याकडे पंधराव्या शतकातल्या एका जैन ग्रंथात व्यापाऱ्याच्या घरच्या जेवणात जिलेबी वाढलेली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत बसून परशुराम कृष्ण गोड्यांनी जिलेबीचा हा सगळा इतिहास मोठ्या कष्टाने उकलून ठेवला आहे. मराठी माणसाला तो शोधायला लांब जावं लागत नाही. बाबर दिल्लीला आला १५२६ साली. म्हणजे मोगलांच्या आधीच बनियाच्या ताटात जिलेबी होती. तिच्यात मैद्याच्या घोळाऐवजी मावा कोणी, कधी घातला? शाहजहानचा आचारी होता असं म्हणायला एखादं कागदाचं चिटोरं तरी दाखवा. मला तर यात एखादा दूधदुभत्याच्या हिशेबात पक्का असलेला हलवाईच दिसतो, ज्याच्याकडे संध्याकाळी मावा उरला होता. तुम्हाला त्याचा कमीपणा का वाटावा? बादशहापेक्षा हलवाई बुद्धिमान असू शकतो, एवढं साधं मानायला काय जातं?

मांड्यांची कथा तर त्याहून गंमतीची. बऱ्हाणपूरचे मांडे मैद्याचे. कारागीर पिठाचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत पातळ करतो, इतका की पलीकडचा दिवा दिसावा, मग उलट्या कढईवर पसरतो आणि क्षणात रुमालासारखी घडी घालून बाजूला टाकतो. दावतीला रश्श्याबरोबर ढिगांनी जातात. पाहण्यासारखं काम आहे, शंका नाही. पण मोगल फौजेसाठी शोधून काढलं? बाराव्या शतकातल्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मंडक आहेत. आणि मराठी माणसाला ग्रंथ तरी कशाला हवा? विसोबाने कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली. ती मुक्ताई जिथे १२९७ साली विजेत गुप्त झाली असं परंपरा सांगते, ते मेहूण इथून तासा-दीड तासावर, मुक्ताईनगर तालुक्यात, आमच्या गावावरून वाहणाऱ्या याच तापीच्या काठी. गोष्ट चमत्काराची म्हणून सोडून द्या. पण चमत्कार सांगणाऱ्यालाही मांडे सगळ्यांना ठाऊक आहेत याची खात्री होती, तेव्हा कुठे तो सांगता आला. त्या मुलुखात येऊन मांडे मोगलांनी शोधले असं सांगणारे सांगतात आणि पुण्याहून आलेले ऐकून घेतात!

आता शाहजहानकडे वळू, कारण त्याच्या नावावर इतकं खाणं खपतं. तो इथे राहिला तो काळ १६३० ते १६३२ चा. मुमताज महल जून १६३१ मध्ये इथे चौदाव्या बाळंतपणात गेली आणि तिचा पहिला दफनविधी नदीपल्याड जैनाबादच्या आहूखान्यात झाला, हे प्रत्येक पाहुण्याला माहीत असतं. त्याच दोन वर्षांत दख्खन आणि गुजरातेत जो दुष्काळ पडला, तो मात्र कोणाला माहीत नसतो. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून या वाटेने आला. रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेतं आणि तंबू ठोकायलाही न सापडणारी मोकळी जागा, असलं काही त्याने लिहून ठेवलं आहे. खुद्द बादशहाचा दरबारी इतिहासकार लाहोरी सांगतो की बऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबादेत लंगर उघडले गेले आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये गोरगरिबांना वाटायचा हुकूम झाला. वीस सोमवारांचे मिळून एक लाख झाले. शाहजहानच्या काळचं बऱ्हाणपूरचं ‘स्ट्रीट फूड’ हवं असेल तर ते हे: लंगरातली पातळ पेज. तिची चव कोणाला घ्यायचीय? मागा ना ओरिजिनल!

आणि मोगलकालीनच खायचं तर मिरची ताटातून काढावी लागेल. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’तल्या पाकयादीत मिरी आहे, मिरची नाही. मिरची मेक्सिकोकडची, पोर्तुगिजांच्या गलबतातून आलेली. टोमॅटो तिकडचाच. पोह्यांवरचा शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा आणि बटाटाही. ज्या इंदुरी भुट्ट्याच्या किसाला माळव्याची ओळख म्हणून डोक्यावर घेता, तो मका मेक्सिकोत हजारो वर्षांपूर्वी माणसाळला. खानदेशी शेवभाजीचा तो लालभडक तर्रीदार कट, ज्याच्यावरून ‘हीच खरी आमच्या मातीची चव’ असे उसासे टाकले जातात, त्याच्या मातीचा सात-बारा काढला तर खातेदार परदेशी निघेल. उलट या जिल्ह्याची शान असलेली केळी आग्नेय आशियाकडून इकडे आणि मग पुढे मेक्सिकोपर्यंत गेली. तिकडचे शोधक आता केळीच्या पानात वाफवलेले तमाले ‘प्राचीन’ म्हणून खातात. खाऊ देत बापडे. चवीला छानच असतात म्हणे.

पुढचं म्हणणं गरिबीचं आहे, आणि त्याने मला खरोखर चीड येते. कळकट जागेतलंच चांगलं, हे ज्ञान ज्याच्या घरी मॉड्युलर किचन आहे तोच पाजळतो. गाडीवाल्याला विचारा, त्याला काय हवंय? नळ हवाय. पाऊस आला तर कढईवर टिकेल असं छप्पर हवंय. गाडी उचलून नेली जाणार नाही याची हमी हवी आहे. त्यासाठी २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला, त्याआधी २००६ साली अन्नसुरक्षेचा झाला. त्यांच्या आधाराने कोणी परवाना काढतो, टोपी घालतो, काच बसवतो. चार पैसे गाठीला लागले की शटरचं दुकान घेतो. हे त्याच्या दोन पिढ्यांचं स्वप्न असतं. आणि त्या दिवशी आमचे रसिक जाहीर करतात की ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’. पूर्वीसारखं म्हणजे कसं? तो उन्हात उभा होता तसं?

दराब्याचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. बारीक रवा भाजून, पिठीसाखर आणि तूप घालून तो फेटायचा. फेटायचा म्हणजे पाच मिनिटं नव्हे. हाताने घोटत राहायचं, तूप पांढरं पडून सगळं मिश्रण लोण्यासारखं हलकं होईपर्यंत. जिभेवर ठेवला की विरघळतो तो त्या घोटण्यामुळे. ‘हाताने फेटलेलाच हवा, यंत्राचा नको,’ असं चोखंदळपणे सांगणाऱ्याने तो खांदा पाहिलाय का? पन्नाशीला त्या माणसाला शर्टात हात घालताना त्रास होतो. त्याने मिक्सर आणला तर त्याला विचारायचा प्रश्न एकच: तूप तेवढंच हलकं झालं का? झालं असेल तर तुमचा ‘हाताने’ हा आग्रह कोणाच्या हातांसाठी आहे?

‘स्थानिक जिथे खातात तिथे खा’ हा सल्ला फार शहाणा मानला जातो. कुठले स्थानिक? पॉवरलूमवर पाळी करणारा मोमीन विणकर एके ठिकाणी खातो, फाळणीनंतर आलेल्या सिंधी बस्तीतला दुसरीकडे, शाहपूरकडचा गुजर शेतकरी बाजाराच्या दिवशी तिसरीकडे, आणि कॉलेजातली पोरं चौथीकडे, जिथे आजकाल मोमो मिळतात. हो, मोमो. बऱ्हाणपूरच्या तरुण स्थानिकांचं खरं खाणं पाहायचं असेल तर चायनीजच्या गाडीवर जा. रांगही तिथेच आहे. जाता का? नाही जात. म्हणजे स्थानिकही तुमच्या पसंतीचा हवा.

आणि ज्या खाण्यावर हा मुलूख खरा जगतो ते रस्त्यावर येतच नाही, हे कोणाच्या गावीही नसतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंब्याच्या रसाबरोबरची खापरावरची पुरणपोळी, जिला आमच्या भागात मांडेच म्हणतात, ती बायका घरी करतात. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरवत नेऊन तापल्या खापरावर अलगद टाकायची. मनगट जरा अडखळलं की पुरण विस्तवात. हिवाळ्यात शेतात काड्यांवर वांगी भाजून लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी, वरण-बट्टी. याला गाडी नाही, कढई नाही, म्हातारा बाबा नाही, त्यामुळे शोधकांच्या नकाशात हे नाहीच. रस्त्यावरचंच खाणं म्हणजे संस्कृती असं एकदा ठरवलं की संस्कृतीतून बायका आपोआप वजा होतात. मग त्याच बायका बचतगट करून मुंबईला महालक्ष्मी सरस प्रदर्शनात खापर मांडतात, मांडे विकतात, पहिल्यांदाच स्वतःच्या कष्टाचे पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात टाकतात. तेव्हा आमचा रसिक नाक मुरडून म्हणतो, ‘प्रदर्शनातलं काय खायचं, गावात जाऊन खाल्लं पाहिजे.’ बाई तीच, खापर तेच, हात तोच. गावात जाऊन हिच्या दारात उभा राहिलास तर ती तुला कोण म्हणून वाढेल, दादा? तू तिचा भाचा आहेस का?

मुंबईवरून आठवलं. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर ‘बऱ्हाणपूरची मावा जिलेबी’ अशा पाट्या लागतात. तिथे ती खाणाऱ्याला ‘अरे, ती डुप्लिकेट’ असं ऐकवण्याची हौस अनेकांना असते. आमच्या गावातल्यांनाही असते, खोटं कशाला बोला. पण माणूस कामासाठी मुंबईला गेला की त्याच्याबरोबर त्याची कढई जाते. मालवणी खाणावळी दादर-गिरगावात गेल्या तेव्हा मालवणी राहिल्या की नाही? सुरतेच्या वाटेवर कापड गेलं, ते पोलंडला पोचल्यावर बऱ्हाणपूरचं नव्हतं का? जिलेबीलाच तेवढी गाव सोडायची बंदी?

मग फरक कशातच नाही, सगळं सारखंच, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. फरक आहे आणि तो डोळ्यांदेखत, कढईत दिसतो. चांगल्या मावा जिलेबीचं मिश्रण घट्ट असतं: मावा, दूध आणि जोडायला आरारूट किंवा थोडा मैदा. फडक्याच्या पोटलीतून ते तुपात जाड वेटोळ्यांनी सुटतं. आच मंद लागते. भडकली तर बाहेरून काळं, आतून कच्चं. रंग हळूहळू बदामी, मग गडद तपकिरी होतो, त्यानंतर पाक. ती वाकते, कुरकुरत नाही. (‘‘कुरकुरीत नाही हो, शिळी आहे का?’’ असं विचारणारा अस्सलचा उपासक मी स्वतः पाहिला आहे.) या सगळ्यात फसवायला जागा दोनच: मावा आणि तूप. सणासुदीला नकली मावा पकडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. आरारूट वाढवून मावा कमी करता येतो, तुपात वनस्पती मिसळता येतं. अस्सल-नकली हा शब्दखेळ नसलेली हीच एकमेव जागा.

आणि नेमकं हेच कोणी विचारत नाही. दुकान किती जुनं, आजोबा कोण, बादशहा कुठला, हे सगळं विचारून होतं. मावा कुठून येतो हे नाही. भाव कमी करून मागितला जातो, पण एक किलो माव्यासाठी चार-पाच लिटर दूध आटवावं लागतं हा हिशेब कोणी करत नाही. जी जिलेबी तुम्हाला ‘गल्लीतली म्हणून’ निम्म्या भावात मिळाली आणि जिच्यासमोर उभं राहून तुम्ही डोळे मिटलेत, तिच्यात दूध किती होतं?

तेव्हा अस्सल हवं असेल तर असं करा. गांधी चौकातल्या, भरउजेडातल्या, पाटीच्या, काचेच्या कपाटाच्या, क्यूआर कोड लावलेल्या दुकानात सरळ शिरा. मावा कोणाचा, आजचा की कालचा, तळण तुपाचं की वनस्पतीचं, हे तोंडावर विचारा. चांगला हलवाई रागावत नाही, मावा हातावर ठेवतो. तळव्यावर चोळा, तूप सुटलं पाहिजे, दुधाचा वास आला पाहिजे. फार शंका असेल तर आयोडीनचा थेंब टाका, पिष्ट असेल तर निळा होईल. फक्त तो थेंब माव्यावर टाका. जिलेबीवर टाकलात तर आरारुटामुळे ती निळी होणारच, आणि मग तुम्ही गावभर सांगत सुटाल की बऱ्हाणपुरात सगळं बनावट मिळतं.